उपटलेल्या जागी काय उगवते

देशी, विदेशी आणि आक्रमक ही तीन विशेषणे वनस्पतींच्या संदर्भात सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि लोकशिक्षणातील बहुतेक गोंधळाचा उगम तेथेच असतो. एखाद्या प्रदेशातील माती, पाऊस, कीटक, पक्षी आणि चरणारी जनावरे यांच्या सहवासात, माणसाने आणून न लावता, दीर्घकाळ घडत आलेली वनस्पती ही त्या प्रदेशाची देशी वनस्पती होय. माणसाने हौसेने किंवा उपयोगासाठी आणलेली, अथवा धान्य व मालाबरोबर नकळत आलेली ती विदेशी. आणि विदेशी वनस्पतींपैकी ज्या थोड्या वनस्पती लागवडीच्या हद्दीबाहेर पडून स्वबळावर पसरतात व मूळच्या झाडाझुडपांचा प्रकाश, पाणी आणि जागा व्यापून टाकतात त्या आक्रमक. ही व्याख्या फळ्यावर लिहायला पाच मिनिटे पुरतात. ती माणसांच्या नजरेत उतरायला मात्र वर्षे लागतात, असे पुण्याच्या टेकड्या, मावळ-मुळशीचा पट्टा, कोकणातील डोंगरउतार आणि सोलापूरकडील माळराने येथे शाळा, गृहनिर्माण संस्था, बचत गट व संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांच्याबरोबर दीर्घकाळ काम करताना प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आले.

पहिल्याच वर्गात हमखास येणारा प्रश्न मिरचीचा असतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, सीताफळ, पपई आणि काजू ही सारी अमेरिका खंडातून आलेली पिके आहेत, मग त्यांनाही विदेशी म्हणून हद्दपार करायचे काय, असे श्रोत्यांतून कोणीतरी विचारते आणि हा प्रश्न अडवणुकीचा वाटला तरी तो अत्यंत योग्य असतो. मिरची शेतकऱ्याने लावली तरच उगवते व खुरपणी थांबली की मागे पडते, याउलट घाणेरीला कोणाच्याही मदतीची गरज उरलेली नाही, हा फरक याच प्रश्नामुळे स्पष्ट करता येतो. मध्य अमेरिकेतून आलेला दगडी पाला, ज्याला एकदांडी असेही म्हणतात, आज गावोगावी जखमेवर चोळला जातो आणि त्याला कोणी परका मानत नाही, हे सांगितले की वर्गातील ज्येष्ठ मंडळी काही क्षण गप्प होतात. रस्त्याकडेचा गुलमोहर मूळचा मादागास्करचा असला तरी तो जंगलात घुसून रान व्यापताना दिसत नाही. विदेशीपणा हा गुन्हा नाही आणि एखाद्या वनस्पतीबद्दलचा निर्णय तिच्या जन्मस्थानावरून न करता तिच्या वागण्यावरून करावा लागतो, ही गोष्ट पहिल्या दिवशी नीट मांडली गेली नाही तर पुढची सारी वाटचाल चुकीच्या दिशेने जाते.

ती कशी जाते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. एका शाळेत ‘परकीय आक्रमक वनस्पती’ या विषयावर जोरकस भाषण झाले आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी फाटकाजवळचे गुलमोहराचे रोप उपटून टाकले. ते शाळेच्या शिपायाने लावलेले होते आणि दोन उन्हाळे स्वतः पाणी घालून त्याने ते जगवले होते. मुलांचा उत्साह खोटा नव्हता, परंतु घुसखोर, शत्रू, हाकलणे या भाषेने त्यांना पाहण्याऐवजी उपटायला शिकवले होते. त्यानंतर ही युद्धाची भाषा वर्गातून कटाक्षाने दूर ठेवली गेली. ती सभा तापवते, टाळ्याही मिळवते, पण वनस्पतीपासून सुरू झालेला तिरस्कार बघता बघता माणसांविषयीच्या बोलण्यात उतरतो, हे अनेक ठिकाणी ऐकल्यानंतर तिच्यापासून दूर राहणेच योग्य वाटते.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, ही या साऱ्या शिक्षणातील सर्वांत मोठी परीक्षा ठरली. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणले गेले, कुंपणासाठी लावले गेले आणि बुलबुलासारख्या फळखाऊ पक्ष्यांनी त्याच्या बिया दूरदूर नेल्या. त्याची पाने गुरांना विषारी असल्याने चराईचा ताण त्याच्यावर पडत नाही, आणि वरून कापले तर ते बुंध्याकडून अधिक जोमाने फुटते. शनिवार-रविवारच्या श्रमदानात, विशेषतः कंपन्यांच्या सीएसआर उपक्रमांत, शंभर माणसे कोयते घेऊन येतात, ढीग रचतात, छायाचित्रे काढतात आणि जातात. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी कमरेइतकी घाणेरी पुन्हा उभी असते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत वेगळी आहे: खोड आणि मूळ जेथे जुळतात त्या जागेच्या दोन-तीन बोटे खाली, जमिनीत कुदळ घालून मूळ तोडायचे आणि उपटलेले झुडूप उलटे, मुळे वर करून ठेवायचे, म्हणजे त्याला पुन्हा जमीन धरता येत नाही. हे काम फळे धरण्यापूर्वी करावे लागते. पावसाने जमीन मऊ असताना ते सोपे जाते. एका माणसाच्या हातून अशा रीतीने दिवसभरात होणारे काम पाहून उत्साही मंडळी खट्टू होतात, कारण ढीग लहान दिसतो.

परंतु खरी अडचण झुडूप निघाल्यानंतर सुरू होते. उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिल्याच पावसात काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, किंवा रानमोडी येते आणि एका आक्रमक वनस्पतीची जागा दुसरी घेते. शिवाय घाणेरीच्या काटेरी जाळीत शेळ्यांच्या तोंडापासून वाचलेली बोर, करवंद, धावडा, आपटा यांची कोवळी रोपे अनेकदा सापडतात, आणि ओळख नसलेल्या हातांनी जाळी साफ करताना तीही उपटली जातात. त्यामुळे काही गटांनी आपली पद्धतच उलटी केली. पहिल्या दिवशी हत्यारे आणायचीच नाहीत. जाळीत शिरून आत काय वाढते आहे ते शोधायचे, सापडलेल्या प्रत्येक देशी रोपाजवळ रंगीत कापडाची पट्टी बांधायची, आणि पुढच्या वेळी त्या रोपांच्या भोवतीपासून घाणेरी काढत जायची. ज्यांनी एकदा अशा पट्ट्या बांधल्या ती माणसे पुढे वर्षानुवर्षे टिकली. ज्यांनी फक्त कोयते चालवले ती बहुधा परत आली नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या अनुभवातील कळीचा धडा हाच आहे की, काय काढायचे हे शिकवण्यापूर्वी काय राखायचे आहे ते दाखवावे लागते.

पुण्याच्या टेकड्यांवरील ग्लिरिसिडियाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गिरिपुष्प किंवा उंदीरमारी या नावांनीही ओळखले जाणारे हे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील झाड गुरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून, फांदी खोचली तरी जगते म्हणून आणि उघड्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून वनीकरणाच्या काळात मोठ्या प्रमाणावर लावले गेले. कोकणातील शेतकरी बांधावर त्याची लागवड करून त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून वापरतो आणि तेथे ते झाड खरोखर उपयोगाचे आहे. टेकडीवर मात्र त्याच्या एकसुरी गर्दीत पळस, मोई, सालई, बारतोंडी यांना डोके वर काढायला जागा राहत नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळून ते उभे असते तेव्हा सावलीही मिळत नाही. तरीही रोज पहाटे टेकडीवर फिरायला येणाऱ्या माणसाला ते ‘आपले झाड’ असते. त्याच्या मुलाने ते लहानपणापासून पाहिलेले असते. अशा माणसाला हे झाड निरुपयोगी आहे असे सांगणे म्हणजे संवाद तेथेच संपवणे होय. शिवाय नागरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण ‘विदेशी’ हे कारण पुढे करून कोणीही कुऱ्हाड चालवू लागला तर टेकड्यांवर इमारतींखेरीज काही उरणार नाही.

या पेचातून निघालेला मार्ग संथ आहे. मोठ्या झाडांना हात न लावता त्यांच्या खाली उगवणारी ग्लिरिसिडियाची रोपे तेवढी दरवर्षी काढायची, मोकळ्या सापडलेल्या जागांत देशी रोपे लावायची आणि ती वाढू लागली की वरच्या फांद्या परवानगी घेऊन विरळ करायच्या, अशा क्रमाने काही टेकड्यांवर बदल घडू लागला आहे. विरोध करणारे काही ज्येष्ठ नागरिकच या कामात सर्वांत नियमित झाले, कारण रोज जाणारा माणूसच रोपाला रोज पाहू शकतो. त्यांच्यापैकी एकाने काटेसावरीच्या फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांची नोंदवही ठेवली होती. ग्लिरिसिडियाच्या फुलांसमोर उभे राहून तशीच नोंद ठेवून पाहा, एवढेच त्यांना सुचवले गेले. दोन फेब्रुवारी महिने उलटल्यावर त्यांनी ती वही वर्गात स्वतःहून वाचून दाखवली आणि त्यानंतर त्या गटाला कोणत्याही व्याख्यानाची आवश्यकता राहिली नाही.

ज्या अनुभवाने लेखकाची या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली तो मात्र जंगलातला नसून माळावरचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसर १९७९ साली माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाला, परंतु राज्यातील बहुतांश माळराने अशा संरक्षणाबाहेर आहेत आणि सरकारी कागदांत ती पुष्कळदा ‘पडीक’ ठरतात. पडीक म्हटले की तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म वाटू लागते. राज्यात २०१९ साली एका हंगामात ३३ कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य ठेवले गेले होते, आणि अशा मोठ्या मोहिमांत जागा शोधताना माळाकडे सहज नजर जाते. एका गावात सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे खोदलेले लांब चर, घेऊन लागवडीची तयारी चालू असताना एक मेंढपाळ बराच वेळ ऐकत उभा होता. शेवटी त्याने विचारले, “झाडं मोठी झाल्यावर माझ्या मेंढ्यांनी काय वर चढून चरायचं का, साहेब?”

त्या लागवडीतली रोपे बहुतांशी देशी होती. कडुनिंब, करंज यांत आक्षेप घेण्यासारखे वरवर काहीच नव्हते, पण त्या जागी ती रोपे मूळच्या परिसंस्थेला, म्हणजे जीव आणि त्यांच्या परिसराच्या परस्परावलंबी रचनेला, तितकीच परकी होती. त्या मेंढपाळाला पवन्या, मारवेल, शेडा ही गवते दुरून ओळखता येत होती, कोणते गवत पहिल्या सरीबरोबर येते, कोणते दिवाळीनंतरही रस टिकवते, कुसळीची कुसळे लोकरीत कधी रुततात आणि त्या दिवसांत कळप कोणत्या बाजूने न्यायचा हे तो सहज सांगत होता. लांडगा, खोकड, चिंकारा आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी या गवतावर अवलंबून असतात, ही पुस्तकातील माहिती; पण गवत ही ‘काही नसलेली जागा’ नसते, हे त्याच्याकडून ऐकताना जेवढे पटले तेवढे पुस्तकातून पटले नव्हते. त्यानंतर माळरानाच्या कोणत्याही वर्गात गवत शिकवण्याचे काम शक्यतो गुराखी किंवा मेंढपाळाकडे दिले जाऊ लागले आणि त्याला इतर तज्ज्ञांप्रमाणे मानधन देण्याचा आग्रह धरला गेला. काही संयोजकांना तो आग्रह अनावश्यक वाटला. लेखकाच्या मते तो या शिक्षणाचाच भाग आहे.

वेड्या बाभळीच्या बाबतीत माळावरील बायकांनी असेच भान दिले. विलायती बाभूळ म्हणून ओळखले जाणारे हे अमेरिकन झाड ओढ्यांच्या काठाने आणि पडीत शेतांतून पसरते, त्याच्या गोड शेंगा खाऊन गुरे व शेळ्या शेणालेंड्यांतून बिया पसरवतात, आणि त्याच्या दाटीत गवत मरते. हे सारे खरे आहे. परंतु एका बचत गटाच्या बैठकीत ते काढण्याचा ठराव मांडला गेला तेव्हा शेवटच्या रांगेतील एका बाईने चूल कशावर पेटवायची ते आधी सांगा, असे म्हटले आणि ठराव तेथेच थांबला. गावातील भूमिहीन कुटुंबांचे सरपण त्या बाभळीतून येत होते, काहींचा कोळशाचा धंदाही तिच्यावरच होता. अखेर ओढ्याचा एक भाग सरपणासाठी ठेवून गायरानाच्या बाजूने बाभूळ काढायची, आणि तोडणीचे काम व लाकूड त्याच कुटुंबांना द्यायचे असे ठरले. ही व्यवस्था आदर्श नव्हे, कारण ठेवलेल्या भागातून बिया येतच राहतात. तरी ज्या घराचे नुकसान होणार त्या घराला वगळून घेतलेला निर्णय याहून वाईट ठरला असता. आक्रमक वनस्पतीपासून वस्तू बनवून तिचा नायनाट साधावा, या कल्पनेविषयीही येथे एक शंका नोंदवणे भाग आहे. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरांत सोलिगा समाजाने घाणेरीच्या काड्यांपासून फर्निचर तयार केले आणि त्यातून रोजगार उभा राहिला, हे कौतुकास्पद आहे, पण पोट ज्या झुडपावर चालते ते संपावे अशी इच्छा कोणी का धरावी, याचे उत्तर अशा प्रत्येक योजनेने आधी शोधावे लागते.

शहरात हाच विषय सणांमधून सोपा होतो. दसऱ्याला आपट्याची म्हणून कांचनाची पाने सर्रास विकली जातात. आपट्याचे पान लहान, जाड, खरबरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते, कांचनाचे मोठे व मऊ, आणि दोन्ही हातात देऊन डोळे मिटून ओळखायला लावले की लहान मूलही ते विसरत नाही. गणेशचतुर्थीच्या पत्रीच्या जुडीत एकवीस पत्रींपैकी किती खऱ्या आहेत ते मोजण्याचा उपक्रमही असाच रंगतो. त्याचा पुढचा टप्पा म्हणजे आघाडा, माका, डोरली ही ‘तण’ समजली जाणारी झाडे सोसायटीच्या कुंपणाशी राखून ठेवणे, म्हणजे पत्रीसाठी डोंगर ओरबाडावा लागत नाही. वाघाटीची गोष्ट तर स्वतंत्रच सांगण्यासारखी आहे. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला वाघाट्यांची भाजी करण्याची प्रथा अनेक घरांत आहे, आणि याच काटेरी वेलीवर काही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. अळीला तिच्या ठरावीक वनस्पतीवाचून दुसरे काही चालत नसल्याने त्या वनस्पतीला खाद्यवनस्पती म्हणतात. नीलवंत हे २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले, पण त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाते आणि ती दिसताच औषध फवारणारे घरच फुलपाखरू उद्यानासाठी देणगी देत असते. देशी झाड राखणे म्हणजे खाल्लेली पाने सहन करणे, एवढे साधे सूत्र घरोघरी पोहोचवायला मोठी चिकाटी लागते.

कॉसमॉसच्या बाबतीत विरोध सौंदर्याचा आहे. पावसाळा ओसरताना पुण्याच्या टेकड्यांवर पिवळ्या-केशरी फुलांची जी दाट चादर पसरते तिच्यात उभे राहून छायाचित्रे काढण्यासाठी लोक लांबून येतात, बिया कपड्यांना चिकटून इतरत्र जातात आणि ही मेक्सिकोकडील वनस्पती सोनकी, कवळा, तेरडा यांची जागा व्यापत जाते. ती सुंदर नाही असे सांगणे खोटे ठरेल. म्हणून त्याच टेकडीचा कॉसमॉस न पोहोचलेला तुकडा आधी दाखवायचा, गुडघ्यावर बसून एका हातभर चौकोनात किती प्रकारची फुले सापडतात ते मोजायला लावायचे आणि मग तोच चौकोन कॉसमॉसमध्ये टाकायचा, ही रीत उपयोगी पडली. जलपर्णीविषयी याउलट फार बोलावे लागत नाही, कारण ती कोणालाच आवडत नाही. मात्र सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर ती फोफावते, आणि सांडपाणी शुद्ध न करता दरवर्षी जलपर्णी काढण्यावर होणारा खर्च नदीला स्वच्छ करू शकत नाही, हे नागरिकांनी महापालिकेला पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

या सर्वांपलीकडे एक रोकडी अडचण उरते, ती रोपांची. देशी झाडे लावा असे ऐकून पटलेला माणूस रोपवाटिकेत जातो तेव्हा त्याला तेथे बारतोंडी, मोई, भोकर, सालई, वाघाटी मिळत नाहीत. मिळते ते जलद वाढणारे आणि मागणी असलेले. पावसाळी सहलीत फेकले जाणारे सीडबॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, हेही त्यावरचा उपाय नव्हेत, कारण त्यांत सुबाभळीसारख्या विदेशी झाडांच्या बिया सहज जातात आणि फेकणारा पुन्हा तिकडे फिरकत नाही. त्यामुळे गेल्या काही हंगामांत लोकशिक्षणाचा बराच वेळ बियांच्या वेळापत्रकावर दिला जात आहे. पळसाच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये गोळा कराव्या लागतात, बहाव्याच्या कठीण बीला घासून किंवा गरम पाण्यात भिजवून मगच पेरावे लागते, जांभळाची बी वाळवून ठेवता येत नाही आणि फळ खाल्ल्यावर लगेच मातीत घालावी लागते, तर काटेसावरीची बोंडे फुटण्यापूर्वी काढली नाहीत तर कापसाबरोबर बी उडून जाते. कोणते झाड कोणत्या पायवाटेवर आहे, त्याला यंदा फळ आले की नाही आणि बी कोणी आणायची याची वही आता काही गटांनी ठेवली आहे. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत तयार व्हायची लोक जैवविविधता नोंदवही खरे तर अशाच नोंदींसाठी आहे, परंतु ती अनेक ठिकाणी कार्यालयात बसून भरली जाते. गटांनी ठेवलेल्या वह्यांतील पाने मूळ नोंदवहीला जोडून घ्यावीत, अशी मागणी दोन-तीन ग्रामसभांपुढे मांडली गेली असून एका ठिकाणी ती मान्य झाली आहे. तेथे आता रोपवाटिकेसाठी पाण्याची जोडणी आणि उन्हाळ्यातील राखणदाराचे मानधन कोणत्या निधीतून द्यायचे, यावर चर्चा चालू आहे.